नवी खिडकी, जुनी चौकट

आपल्या शाळेच्या जुन्या वसतिगृहाला लागून नवी दुमजली इमारत उभी राहत आहे, ही आनंदाची वार्ता एव्हाना सर्व माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली आहे. जोते झाले, भिंती छतापर्यंत आल्या, आता दारे-खिडक्यांचा विचार सुरू झाला आहे. नव्या इमारतीला ॲल्युमिनियमची दारे-खिडक्या बसवावयाच्या, हे जवळजवळ ठरल्यासारखे आहे. त्याच ओघात, ‘दोन्ही इमारती एकसारख्या दिसाव्यात’ म्हणून जुन्या वसतिगृहाच्या सागवानी खिडक्याही काढून टाकाव्यात आणि तेथे सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवाव्यात, अशी सूचना माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत पुढे आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे, आणि त्यासाठी पदरमोड करण्याचीही त्यांची तयारी आहे. त्या बैठकीत मी दोन शब्द बोललो; पण वेळ थोडा होता आणि विषय मोठा होता. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने तो येथे सविस्तर मांडीत आहे.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. नव्या इमारतीला ॲल्युमिनियम अवश्य बसवावे. मात्र ते पारखून बसवावे. जुन्या इमारतीच्या खिडक्यांना हात लावावयाचा तो दुरुस्तीसाठी लावावा, उपटून टाकण्यासाठी नव्हे. आणि दोन्ही इमारती एकसारख्या दिसाव्यात हा आग्रहच आपण सोडून द्यावा.

मी या वसतिगृहात सहा वर्षे राहिलो. माझे वडील गवंडी होते. पुढे माझी सारी नोकरी सरकारी बांधकामांवर, कधी यवतमाळ, कधी पुसद, कधी वणी अशी फिरतीची झाली. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी जसा जिव्हाळ्याचा, तसाच रोजच्या कामाचाही आहे.

खिडकी ही क्षुल्लक वस्तू वाटते. परंतु आपल्या परंपरेने तिला क्षुल्लक मानलेले नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात निवासस्थानांविषयीचा एक संपूर्ण खंड आहे. त्यात सांगितले आहे, की भिक्खूंच्या विहारांना आरंभी खिडक्या नव्हत्या. त्यामुळे आत डोळ्यांना त्रास होई आणि दुर्गंधी कोंडून राही. ही अडचण तथागतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली: वेदिकेसारख्या कठड्याची, जाळीची आणि सळ्यांची. पुढे त्या खिडक्यांतून खारी आणि वटवाघळे आत शिरू लागली. तेव्हा पडद्याची अनुमती मिळाली. पडद्याच्या कडेनेही ती येऊ लागली. तेव्हा झडपांची अनुमती मिळाली. दारांचेही तसेच. चौकट, बिजागरीची खोबण, कडी, दोरी ओढण्याचे छिद्र अशा एकेका गोष्टीची गरज पडली आणि तिला संमती मिळत गेली. किल्ली धातूची असावी, लाकडाची असावी की शिंगाची, असाही उल्लेख तेथे येतो; आणि तिन्ही चालतील असे सांगितले आहे.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी घेतो. एक, खिडकीचा विचार तिच्या आत राहणाऱ्याच्या डोळ्यांपासून आणि श्वासापासून सुरू होतो. बाहेरून ती कशी दिसते हा प्रश्न नंतरचा. दुसरी, साधन कोणत्या पदार्थाचे आहे यावर तेथे हट्ट नाही. अडचण काय आहे ते पाहावे आणि तिला साजेसा उपाय करावा, एवढेच सूत्र आहे.

म्हणूनच नव्या पदार्थाला माझा विरोध नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्यांनी मान वर करून पाहिले असेल, त्यांना छताच्या लाकडी कमानी आठवतील. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते लाकूड आजही तेथे आहे. पुढे अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत त्याच कमानी दगडात कोरल्या गेल्या. पदार्थ बदलला, घाट राहिला. आणि आपल्याच काळात, नागपूरच्या दीक्षाभूमीवर वास्तुरचनाकार शिवदान मल यांनी सांचीच्या स्तूपाचा घाट घेऊन आत प्रवेश करता येईल असा पोकळ स्तूप उभारला. १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तो स्तूप विटामातीचा नाही म्हणून तेथे वंदन करणाऱ्या कोणाच्याही श्रद्धेत उणे आले नाही. नवे साधन स्वीकारणारी आपली परंपरा आहे.

याहूनही नाजूक एक गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्या समाजाने फार जपून वापरावी. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला जे ‘जुने’ आले ते गावकुसाबाहेरचे होते. गळके छप्पर, कुडाच्या भिंती आणि खिडकी नावाची गोष्टच नसलेली खोली. अशा घरातून आलेली आई आपल्या मुलाला वसतिगृहात सोडायला येते आणि चकचकीत काचेच्या खिडक्या पाहून तिच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. त्या समाधानाला नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि मला तर मुळीच नाही. नवे, स्वच्छ, उजेडाचे घर हा आपल्या मुलांचा हक्क आहे.

परंतु जुन्या वसतिगृहाच्या खिडक्या त्या ‘जुन्या’तल्या नव्हेत. जुनी माणसे सांगतात, की या इमारतीसाठी कोणी एका दिवसाची मजुरी दिली, कोणी ज्वारीची पायली दिली, कोणी बैलगाडीने दगड वाहिले. गुलामीचा वारसा म्हणून हे सागवान आपल्याकडे आलेले नाही. समाजाने आपल्या घामातून उभ्या केलेल्या पहिल्या खिडक्या आहेत या. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरले नव्हते, त्यांच्या मुलांनी ज्या उजेडात पहिले पुस्तक उघडले, तो उजेड या चौकटींतून आला. महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांना नीट जागा मिळावी म्हणून. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. त्या बांधकामाच्या बारीकसारीक गोष्टींत बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातले होते. शाळेची इमारत हाही शिक्षणाचाच भाग आहे, ही जाणीव आपल्याला तेथून मिळालेली आहे.

आता नव्या इमारतीकडे वळू. तेथे ॲल्युमिनियम का योग्य, ते आधी सांगतो. हा धातू लोखंडाच्या तुलनेत वजनाला सुमारे एकतृतीयांश. तो लोखंडासारखा गंजून पापुद्रे टाकीत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि पावसाळ्यात तो फुगत नाही. पूर्वीसारखे पक्के, मुरलेले सागवान आज परवडत नाही. स्वस्तातले कच्चे लाकूड दोन पावसाळ्यांत वाकडे होते. ॲल्युमिनियमच्या बारीक चौकटीत मोठी काच बसते, म्हणजे खोलीत उजेड अधिक येतो. शिवाय वितळवून तो पुन्हा वापरता येतो; नवा धातू तयार करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत जुन्याचे काम भागते. या धातूवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या विदर्भातच, नागपूरजवळ वाडी येथे आहे, हेही आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

पण गुण सांगितले तसे दोषही सांगितले पाहिजेत. यवतमाळ जिल्ह्याचा मे महिना कसा असतो हे येथे कोणाला सांगावयाचे कारण नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. ॲल्युमिनियम हा उष्णतेचा फार चांगला वाहक आहे. सागवानाच्या तुलनेत हजार पटींहूनही अधिक. पश्चिमेच्या भिंतीतील अशी चौकट दुपारी हात लावू देत नाही आणि ती उष्णता आत पाठवीत राहते. महागड्या खिडक्यांमध्ये आतल्या व बाहेरच्या धातूच्या मध्ये उष्णता अडवणारी प्लास्टिकची पट्टी असते; ती आपल्याला परवडेलच असे नाही. परंतु दोन फूट खोल छज्जा, पश्चिमेला कमी आणि लहान खिडक्या, उत्तर-दक्षिणेला मोठ्या खिडक्या, एवढे तर आपल्या हातात आहे. चौकटीच्या धातूपेक्षाही उघड्या काचेवर पडणारे ऊन खोली अधिक तापवते. छज्ज्यात केलेली काटकसर मुलांना दर उन्हाळ्यात भोगावी लागेल.

दुसरी गोष्ट सरकत्या खिडकीची. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही ओढली तरी अर्धीच उघडते. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. म्हणजे भिंतीला भोक तेवढेच, पण वारा निम्मा. ज्या खोलीत दहा-बारा मुले झोपतात, तेथे हा हिशेब मोठा आहे. म्हणून नव्या इमारतीत ॲल्युमिनियम बसवावे, पण शयनकक्षांना बिजागरीच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या असाव्यात. सरकत्या खिडक्या कार्यालयाला किंवा पल्ला उघडायला जागा नसलेल्या अरुंद व्हरांड्याच्या बाजूला चालतील. मच्छरजाळी प्रत्येक खिडकीला हवीच. डेंग्यू आणि मलेरिया दाखला विचारून येत नाहीत. कूलरसाठी वेगळी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात एक पल्ला काढून तेथे प्लायवुड ठोकले जाईल, हे भविष्य मी आजच सांगून ठेवतो.

कामाच्या वेळी लक्ष ठेवण्याच्या आणखी काही गोष्टी आहेत. ओला चुना आणि ओले सिमेंट हे दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. म्हणून गिलावा पूर्ण होऊन वाळल्यावरच चौकट बसवावी, आणि आधी बसवणे भाग पडले तर तिच्यावरची संरक्षक पट्टी काम संपेपर्यंत काढू नये. साधे लोखंडी स्क्रू वापरल्यास जोडाशी ओल धरून धातू झिजतो. स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू मागावेत. धातू उष्णतेने वाढतो. हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांत चौकटीच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक पडला, तर दोन मीटर लांबीची पट्टी सुमारे अडीच मिलिमीटर लांबते. भिंतीत ती घट्ट चेपून बसवली तर ती वाकते आणि पल्ला अडकतो. म्हणून कडेला फट ठेवून ती लवचीक पुटीने भरावी. खालच्या पट्टीला पाणी निघून जाण्याची छिद्रे असतात. ती रंगाने किंवा सिमेंटने बुजली, की पावसाचे पाणी खोलीत येते. ठेकेदाराने सेक्शनची जाडी सांगितली ती तोंडी न ठेवता करारात लिहून घ्यावी आणि माल आल्यावर मोजून पाहावी.

आणि एक अट अशी, की जिच्यावर तडजोड नाही. वसतिगृहाची दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत, आणि प्रत्येक शयनकक्षात एका तरी खिडकीचे ग्रील आतून, किल्लीशिवाय उघडता यावे. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. चोरीच्या भीतीने आपण खिडक्या चारही बाजूंनी बंदिस्त करतो; त्या वेळी आत झोपलेली मुले आपलीच आहेत याचा विसर पडू नये.

आता जुन्या वसतिगृहाकडे. गेल्या महिन्यात मी तेथे एक दिवस काढला आणि प्रत्येक खिडकी उघडून, टोकदार सळीने टोचून पाहिली. एकूण २२ खिडक्या आहेत. त्यांपैकी १५ धडधाकट आहेत. त्यांना घासकाम, तेल आणि नव्या बिजागऱ्या पुरेत. ५ खिडक्यांच्या पल्ल्यांची खालची पट्टी पावसाने कुजली आहे. तेवढीच कापून नवा तुकडा सांधता येईल. केवळ २ खिडक्या, त्याही न्हाणीघराच्या बाजूच्या, दुरुस्तीपलीकडे गेल्या आहेत. म्हणजे २२ खिडक्या काढण्याचे कारण केवळ २ खिडक्या पुरवतात.

या जुन्या खिडक्या चार पल्ल्यांच्या आहेत. खालचे दोन आणि वरचे दोन स्वतंत्रपणे उघडतात. आपण राहत होतो तेव्हा वॉर्डन सर उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजता खालचे पल्ले बंद करायला लावीत आणि वरचे उघडे ठेवीत. तेव्हा ती आम्हाला शिस्त वाटे. त्यामागचे शास्त्र मला नोकरीत कळले. खालच्या बंद पल्ल्याने झळ अडते. छताशी साठलेली गरम हवा वरच्या पल्ल्यातून निघून जाते. रात्री सर्व पल्ले उघडले, की दिवसभर तापलेली जाड दगडी भिंत निवते. भिंत, कवेलू आणि खिडकी अशी तिघांची ही एकत्र रचना आहे. त्यातली खिडकी बदलून अर्धीच उघडणारी काच बसवली, तर उरलेल्या दोघांचे कामही बिघडते.

याचा अनुभव मी घेतला आहे. कोणत्या गावी ते सांगत नाही. एका जुन्या वसतिगृहाच्या लाकडी खिडक्या काढून तेथे सरकत्या खिडक्या बसवण्याच्या कामावर मी देखरेखीला होतो. दगडी भिंत चुन्यातली होती. चौकटीचे लोखंडी पाय भिंतीत खोल गेलेले. ते काढताना छिन्नी-हातोडा चालला आणि बाजूचे दगड हलले. वरच्या लाकडी पाटावर भार आला आणि पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यातून तिरकी भेग गेली. ती सिमेंटने भरली. चुन्याची भिंत ओल सोडते, सिमेंट ती कोंडते. दुसऱ्या वर्षी भेगेभोवतीचा गिलावा फुगला. मे महिन्यात मुले अंथरुणे घेऊन व्हरांड्यात झोपू लागली. काढलेले सागवान भंगारवाल्याने वजनावर नेले. त्या कामाच्या कागदांवर माझीही सही आहे. मी तेव्हा हरकत घेतली नाही. काम मंजूर झालेले होते आणि मी नोकरीत नवा होतो. आज ही हरकत घेण्याला ती न घेतलेली हरकतही कारण आहे.

आपल्या भागाची आणखी एक खोड आहे: काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या इमारती वर्षानुवर्षे किंचित हलत राहतात. जुनी इमारत आपल्या जागी बसून गेली आहे; नवी अजून बसायची आहे. म्हणून दोहोंच्या मध्ये पायापासून छतापर्यंत मोकळा सांधा ठेवलाच पाहिजे. चौकट एका कोपऱ्यात थोडी जरी खचली, तरी सरकत्या पल्ल्याची कडी लागत नाही. लाकडी पल्ला अडला, तर सुतार रंधा मारून तासाभरात तो मोकळा करतो. ॲल्युमिनियमला रंधा मारता येत नाही.

‘एकसारखे दिसावे’ या मुद्द्याविषयी थोडे. १९६४ साली व्हेनिस येथे वास्तुजतन करणाऱ्यांनी जी सनद स्वीकारली, तिच्यात एक सुज्ञ तत्त्व आहे. जुन्या वास्तूत नवी भर घालताना ती जुन्याशी मेळ राखणारी असावी, पण ती नवी आहे हे ओळखू यावे; जुन्याचा खोटा आव तिने आणू नये. आपल्या बाबतीत प्रश्न उलटा आहे. आपण नव्याला जुन्याचे सोंग देत नाही. जुन्याला नव्याचे सोंग देऊ पाहत आहोत. मुंबईने हा धडा उशिरा घेतला. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह येथील आर्ट डेको इमारतींच्या मूळच्या खिडक्या रहिवाशांनी ठिकठिकाणी काढल्या, सज्जे ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद केले. प्रत्येकाने आपापल्या सोयीने केले. आणि एकाच इमारतीच्या चेहऱ्यावर दहा प्रकारच्या खिडक्या आल्या. २०१८ मध्ये तो परिसर व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला, तेव्हा मूळ खिडक्यांची किंमत अनेकांना नव्याने कळली. आपली शाळा जागतिक वारशाच्या यादीत जाणार नाही. पण आपल्या यादीत ती पहिली आहे, आणि आपली यादी आपणच सांभाळायची आहे.

मग मेळ कसा राखावा? त्याला फार खर्च लागत नाही. नव्या खिडकीचा माथा जुन्या खिडकीच्या माथ्याच्या ओळीत ठेवावा. उंची-रुंदीचे प्रमाण जुन्यासारखे उभे असावे, आडवे पसरट नसावे. ॲल्युमिनियमला चकचकीत चंदेरी रंग न देता मातकट तपकिरी किंवा गडद करडा पावडर कोटिंगचा रंग द्यावा. जुनी खिडकी लाकडाची, नवी धातूची. दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर आजी आणि नात एकाच अंगणात उभ्या आहेत असे वाटावे. आजीला नातीचे कपडे घालण्याची गरज नाही.

खर्चाचा आक्षेप येईल. लाकडाला दरवर्षी निगा लागते, ॲल्युमिनियमला लागत नाही, असे म्हटले जाते. हे अर्धे खरे आहे. ॲल्युमिनियमचा रबर कडक होतो, चाके झिजतात, कडी तुटते. आणि त्या बनावटीचा सुटा भाग दहा वर्षांनी बाजारात मिळेलच याची हमी नाही. लाकडाला लागते ते पॉलिश पेपर, जवसाचे तेल आणि दोन दिवसांचे श्रम. जवस तर आपल्याच शेतात पिकते. हे काम हाताने करता येणारी मुले आपल्या वसतिगृहात आहेत. आणि रंधा कसा धरावा, बिजागरी कशी बसवावी हे शिकवणारे सुतार आपल्याच माजी विद्यार्थ्यांत आहेत. श्रमाला कमी लेखणे आपल्याला शोभणारे नाही.

जे खरोखर निकामी झाले आहे, त्याचेही मोल असते. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे तुम्ही काय करणार, असे राजाने त्यांना विचारले. ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना ती वाटू, असे आनंद म्हणाले. मग विरलेल्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. पांघरुणे जुनी झाली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरच्या सतरंज्या, मग पायपुसणी, मग फडकी. आणि शेवटी त्यांच्या चिंध्या मातीत कालवून जमीन सारवायची. राजाचे समाधान झाले. ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. त्या न्याय्य हिशेबाने, ज्या २ खिडक्या काढाव्याच लागतील त्यांच्या लाकडातून उरलेल्या ५ खिडक्यांच्या पट्ट्या निघतील, आणि त्यातूनही उरले तर ग्रंथालयात एक फळी होईल. भंगारात एक तुकडाही जाऊ नये.

समारोपापूर्वी संस्थेच्या संचालक मंडळाला आणि माजी विद्यार्थी बंधु-भगिनींना माझी नम्र विनंती मांडतो. जुन्या खिडक्या काढण्याचा ठराव तूर्त बाजूला ठेवावा. प्रत्येक खिडकीचे छायाचित्र आणि मोजमाप घेऊन एक वही तयार करावी. नव्या इमारतीसाठी ठेकेदाराला कामाचा आदेश देण्यापूर्वी एक नमुना खिडकी प्रत्यक्ष बसवून घ्यावी आणि तिच्याजवळ मे महिन्यातील एक दुपार काढून पाहावी. ज्या मुलांनी तेथे राहायचे त्यांनाही विचारावे. आणि तिसरी विनंती आपल्या सर्वांना. देणगी देताना प्रत्येकाला आपले नाव फरशीवर कोरलेले पाहण्याची इच्छा असते. ते स्वाभाविक आहे. त्याऐवजी प्रत्येक तुकडीने जुन्या वसतिगृहाची एक खिडकी दत्तक घ्यावी. दरवर्षी हिवाळ्यात एका रविवारी यावे, पल्ले उतरवावेत, घासावेत, तेल द्यावे, आताच्या मुलांना हाताशी घ्यावे, त्यांच्याबरोबर जेवावे आणि संध्याकाळी परत जावे. नावाची पाटी लावू नये. खिडकी नीट उघडते आहे, एवढी खूण पुरे.

माझ्या तुकडीतील मित्रांशी मी बोललो आहे. व्हरांड्याच्या पूर्वेकडून तिसरी खिडकी आम्ही घेतली. तिच्या खालच्या पट्टीवर आमच्यापैकी कोणीतरी कंपासच्या टोकाने गणिताचे एक सूत्र कोरून ठेवले आहे आणि ते चुकलेले आहे. ती पट्टी अजून मजबूत आहे. ती बदलावी लागणार नाही.

जय भीम.